मृत्यू, स्वर्ग आणि अश्रू: ख्रिस्ती शोकाविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझी आई गेली त्या दिवशी मंडळीतल्या एका भल्या माणसाने खांद्यावर हात ठेवून मला सांगितलं, "रडू नका, त्या आता स्वर्गात आहेत." ती स्वर्गात आहे हे मला मान्यच होतं. पण त्या वाक्याने रडू थांबलं नाही. रडण्याची लाज तेवढी वाटू लागली. पुढे कितीतरी दुःखी घरांत जाऊन बसलो आणि तीच लाज इतरांच्या चेहऱ्यावरही पाहिली. खालचे बरेचसे प्रश्न अशा घरांत मला विचारले गेले आहेत. काही ख्रिस्ती नसलेल्या मित्रांचे आहेत, आणि त्यांनी ते खऱ्या कुतूहलाने विचारले होते.

स्वर्गावर विश्वास आहे, तर ख्रिस्ती माणसं रडतात कशाला?

"ती कुठे आहे?" आणि "ती इथे का नाही?" हे दोन वेगळे प्रश्न आहेत. स्वर्गावरचा विश्वास पहिल्याचं उत्तर देतो. दुसरा मात्र रोज नव्याने समोर येतो. काहीतरी सांगायचं म्हणून हात फोनकडे जातो आणि अर्ध्यातच थांबतो. घरात एक खोली उगीचच मोठी वाटायला लागते. जिवलग माणूस दूरदेशी सुखात आहे हे ठाऊक असूनही निरोप देताना गळा दाटून येतोच. इथे तर पत्र नाही, आवाज नाही, परतीची तारीख नाही.

हे झालं अर्धं उत्तर. विरहाचं दुःख कोणालाही समजतं, त्यासाठी ख्रिस्ती असावं लागत नाही. ख्रिस्ती शोकाला आणखी एक कारण आहे, आणि माझ्या मते तेच मोठं आहे: ख्रिस्ती विश्वास मृत्यूला चांगलं म्हणत नाही. त्याविषयी पुढे सविस्तर लिहिलं आहे.

म्हणजे आपण स्वतःसाठीच रडतो. हा स्वार्थ नाही का?

नाही. आपल्या माणसाशिवाय आपलं काही अडत नसेल, तर तिथे प्रेम कितपत होतं असाच प्रश्न पडेल. देवाने माणूस घडवला तेव्हा "मनुष्य एकटा असावा हे बरे नाही" असं म्हटलं. बायबलच्या दुसऱ्याच अध्यायातलं हे वाक्य आहे, पाप जगात येण्याच्या आधीचं. माणसाला माणसाची गरज असणं हा दोष नाही, घडणच तशी आहे. मग गरजेचं माणूस गेल्यावर दुखणारच.

रडू येणं म्हणजे विश्वास कमी पडणं नव्हे का?

या प्रश्नावर मला नेहमी प्राचीन चर्चमधला विचारवंत ऑगस्टीन आठवतो. इसवी सन ३८७ मध्ये रोमजवळच्या ऑस्तिया बंदरात त्याची आई मोनिका वारली. ती ५६ वर्षांची होती आणि तो ३३ वर्षांचा. ज्या मुलाने विश्वासात यावं म्हणून तिने वर्षानुवर्षं रडून प्रार्थना केली, त्याचा बाप्तिस्मा होऊन काही महिनेच झाले होते. ऑगस्टीनने तिचे डोळे मिटले. आतून हुंदका उसळत होता, पण त्याने तो दाबून धरला. त्याचा मुलगा अदेओदातुस मात्र हंबरडा फोडून रडला आणि जमलेल्या मोठ्यांनी त्याला गप्प केलं. प्रभूवर विश्वास ठेवून गेलेल्या बाईसाठी आकांत करणं त्यांना शोभणारं वाटत नव्हतं.

ऑगस्टीन कोरड्या डोळ्यांनी दफनाला गेला आणि तसाच परत आला. अंघोळीने मन हलकं होतं असं ऐकलं होतं म्हणून त्याने अंघोळ केली. काही फरक पडला नाही. मग तो झोपला, जागा झाला, एकटाच पडून असताना मिलानचा बिशप अँब्रोज याचं एक गीत त्याला आठवलं आणि तेव्हा कुठे बांध फुटला. पुढे 'कबुलीजबाब' या आपल्या ग्रंथात त्याने हे सगळं देवासमोर मांडलं आहे. आईसाठी मी तासाचा काही भाग रडलो यात कोणाला पाप दिसत असेल तर त्याने मला हसू नये, माझ्यासाठी त्यानेच रडावं, अशी त्याची विनवणी आहे.

चर्चच्या इतिहासातल्या सर्वांत थोर विचारवंतांपैकी एकाला आईसाठी रडल्याबद्दल खुलासा करावासा वाटला, हे वाचून मला दरवेळी वाईट वाटतं. त्या घरात पहिल्यापासून योग्य वागला तो अदेओदातुस.

पण "खेद करू नका" असं पौलानेच लिहिलं आहे ना?

पौल हा पहिल्या शतकातला प्रेषित. त्याचं वाक्य अर्ध्यावर तोडून सांगितलं जातं. थेस्सलनीका शहरातल्या मंडळीला त्याने साधारण इसवी सन ५० च्या सुमारास पत्र लिहिलं. तिथल्या विश्वासणाऱ्यांमधली काही माणसं वारली होती. प्रभू परत येईल तेव्हा ही माणसं मागे राहतील की काय, अशी काळजी उरलेल्यांना लागली होती. पौल लिहितो की, ज्यांना आशा नाही अशा बाकीच्या लोकांसारखा तुम्ही खेद करू नये. वाक्याचा सगळा भार "सारखा" या शब्दावर आहे. शोक कसा करायचा हे तो सांगतो आहे, शोकच करू नका असं म्हणत नाही.

तो परिच्छेद कसा संपतो तेही पाहण्यासारखं आहे. ह्या वचनांनी एकमेकांचं सांत्वन करा, असं तो शेवटी सांगतो. ज्याला दुःखच नाही त्याचं सांत्वन कशाला करावं लागेल?

पौलाच्या स्वतःच्या मनाची झलक दुसऱ्या एका पत्रात मिळते. फिलिप्पैकरांना लिहिताना "मला जगणे ख्रिस्त आणि मरणे लाभ" असं तो ठामपणे म्हणतो. त्याच पत्रात, एकाच अध्यायानंतर, त्याचा सहकारी एपफ्रदीत आजारी पडून मरायला टेकला होता त्याची हकिकत येते. देवाने त्याच्यावर दया केली, आणि माझ्यावरही केली, नाहीतर मला दुःखावर दुःख झालं असतं, असं पौल लिहितो. स्वतःचं मरण लाभ आणि मित्राचं मरण दुःखावर दुःख. एकाच माणसाच्या मनात दोन्ही होतं आणि त्याने दोन्ही लपवलं नाही.

येशू लाजराला उठवणारच होता. मग तो रडला का?

माझ्यासाठी सगळ्या विषयाचा गाभा इथे आहे.

योहानाच्या शुभवर्तमानाच्या अकराव्या अध्यायात ही घटना येते. बेथानी हे गाव यरुशलेमेपासून जेमतेम तीन किलोमीटरवर. तिथे मार्था, मरीया आणि त्यांचा भाऊ लाजर राहत. लाजर आजारी असल्याचा निरोप मिळूनही येशू होता तिथेच दोन दिवस थांबला. आपण त्याला जागं करायला चाललो आहोत, हे निघताना त्याने शिष्यांना आधीच सांगितलं. तो पोहोचला तेव्हा लाजराला कबरेत ठेवून चार दिवस झाले होते. मार्था त्याला भेटली तेव्हा "पुनरुत्थान व जीवन मीच आहे" हे सुप्रसिद्ध वाक्य त्याने उच्चारलं. म्हणजे पुढे काय होणार हे त्याला माहीत होतं, आणि ते तो बोलूनही चुकला होता.

मग मरीया आली, पायाशी पडली आणि रडू लागली. तिच्याबरोबरची माणसंही रडत होती. हे पाहून येशूची जी अवस्था झाली तिच्यासाठी मूळ ग्रीकमध्ये वापरलेला शब्द नुसत्या दुःखाचा नाही. त्यात संतापाची छटा आहे, तो शब्द घोड्याच्या फुरफुरण्यासाठीही वापरला जाई. येशू आतून खवळला. नंतर कबरेजवळ जातानाही तोच शब्द पुन्हा येतो. आणि या दोहोंच्या मध्ये ते छोटंसं वचन आहे, मराठीत अवघ्या दोन शब्दांचं: "येशू रडला."

थोड्याच वेळात ज्याला जिवंत पाहणार त्याच्यासाठी कोणी रडतं का? दुःखाची किंमत फक्त शेवटावरून ठरत असती तर रडण्याचं कारणच नव्हतं. त्याने मरीयेला "थांब, आत्ता गंमत दाखवतो" असं म्हटलं नाही. तिचे चार दिवस खरे होते. मित्राच्या देहाचं चार दिवसांत जे झालं तेही खरं होतं, मार्थाने ते स्पष्ट शब्दांत बोलूनही दाखवलं. शेवट गोड होणार म्हणून मधलं कडू खोटं ठरत नाही. येशूला शेवट माहीत असूनही तो मध्यावर थांबून रडला. आपल्याला तर शेवट विश्वासाने माहीत आहे, डोळ्यांनी पाहिलेला नाही. मग आपण रडण्याची घाईघाईने माफी का मागायची?

मृत्यू हे स्वर्गाचं दार आहे ना? मग त्याच्यावर राग कशाला?

"दार" ही उपमा आपण फार सहज वापरतो. बायबल मृत्यूला वेगळं नाव देतं. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या पंधराव्या अध्यायात पौल मृत्यूला "शेवटचा शत्रू" म्हणतो. त्या शत्रूशी आपण तह केलेला नाही, त्याचा नाश होणार आहे. दार आणि शत्रू यांत मोठं अंतर आहे. शत्रूच्या हातून सुटून कोणी सुखरूप ठिकाणी पोहोचला म्हणून शत्रू मित्र होत नाही.

इथे एक गैरसमज ख्रिस्ती लोकांमध्येच खोलवर रुजला आहे. देह ही एक खोळ, आत्मा ती टाकून वर गेला, आता सगळं पूर्ण झालं, असं आपल्याला वाटतं. पण ख्रिस्ती आशा तिथे थांबत नाही. निकायाच्या विश्वासांगीकारात, म्हणजे उपासनेत म्हटल्या जाणाऱ्या विश्वासाच्या कबुलीत, आपण म्हणतो की आम्ही मेलेल्यांच्या पुनरुत्थानाची वाट पाहतो. प्रेषितांच्या विश्वासांगीकारात शब्द आणखी थेट आहेत: देहाचं पुनरुत्थान. वाट पाहतो म्हणजे ते अजून व्हायचं आहे. गेलेलं माणूस प्रभूजवळ आहे, सुखरूप आहे, पण देवाने ठरवलेलं काम त्याच्याबाबतीतही अजून पुरं झालेलं नाही. देह आणि जीव यांची ताटातूट ही मोडतोड आहे आणि देव ती दुरुस्त करणार आहे.

दफनाच्या वेळी मला हे फार जाणवतं. ज्या हातांनी आपल्याला वाढवलं ते हात मातीत ठेवताना "हे नुसतं कलेवर आहे, खरी आई इथे नाही" असं म्हणायला मला कधीच जमलं नाही. ते हात आईचेच होते. देवालाही ते परत हवे आहेत, असा माझा विश्वास आहे.

प्रकटीकरणाच्या एकविसाव्या अध्यायात देव त्यांच्या डोळ्यांचे सर्व अश्रू पुसून टाकील आणि ह्यापुढे मरण असणार नाही, असं लिहिलं आहे. दोन्ही गोष्टी एकाच वचनात येतात, कारण त्या एकत्रच घडायच्या आहेत. मरण आहे तोवर अश्रूही असणार.

बायबलमधली मोठमोठी विश्वासू माणसं कशी रडली?

मोकळेपणाने. सारा वारली तेव्हा अब्राहाम तिच्यासाठी रडला आणि मग ४०० शेकेल चांदी मोजून त्याने मकपेलाचं शेत आणि गुहा विकत घेतली. ज्याला सगळा देश वचनात मिळाला होता त्याने पहिली जमीन घेतली ती बायकोच्या कबरेसाठी. योसेफ वडिलांच्या चेहऱ्यावर पडून रडला, आणि याकोबासाठी मिसरी लोकांनी ७० दिवस शोक केला. मोशेसाठी इस्राएल ३० दिवस रडलं. नव्या करारात स्तेफन हा पहिला ख्रिस्ती हुतात्मा मेला तो आकाश उघडलेलं पाहत, येशूला प्रत्यक्ष डोळ्यांनी पाहत. त्याच्या स्वर्गाविषयी कोणाच्या मनात शंका असणं शक्यच नव्हतं. तरी प्रेषितांच्या कृत्यांत लिहिलं आहे की भक्तिमान माणसांनी त्याला पुरलं आणि त्याच्यासाठी मोठा विलाप केला.

यापो गावची टबीथा गेली तेव्हा तिथल्या विधवांनी पेत्राला तिने शिवलेले अंगरखे आणि कपडे दाखवले. मला ही ओळ फार आवडते. शोक असाच वस्तू धरून बसतो.

चर्चच्या इतिहासात सगळ्यांचं यावर एकमत होतं का?

नव्हतं, आणि ते सांगायलाच हवं. तिसऱ्या शतकाच्या मध्यात कार्थेजमध्ये भयंकर साथ आली होती. तिथला बिशप सिप्रियन याने लोकांना समजावलं की, गेलेल्यांनी तिकडे शुभ्र वस्त्रं घेतली असताना आपण इथे काळी वस्त्रं घालू नयेत. आपण ज्यांना जिवंत म्हणतो त्यांच्यासाठी ते नष्ट झाल्यासारखे रडलो तर इतर लोक आपल्याला बरोबर जाब विचारतील, अशी त्याची भीती होती. सिप्रियनचं धैर्य खरं होतं, २५८ मध्ये त्याने स्वतः विश्वासासाठी प्राण दिला. चोहीकडे प्रेतं पडलेली असताना खचलेल्या लोकांना उभं करण्यासाठी तो बोलत होता हेही लक्षात घेतलं पाहिजे. तरीही सर्व काळासाठी नियम म्हणून मी त्याचं म्हणणं स्वीकारणार नाही. गेलेल्यांची ओढ मात्र त्यालाही मान्य होती.

दुसऱ्या बाजूला ऑर्थोडॉक्स चर्चच्या दफनविधीत आजही दमास्कसच्या योहानाची म्हणून ओळखली जाणारी पदं गातात. त्यातल्या एकात मृत्यूचा विचार करताना मी रडतो, विलाप करतो, असं सरळ म्हटलं आहे. देवाच्या प्रतिमेत घडलेलं सौंदर्य कबरेत विद्रूप होऊन पडलेलं पाहून तो विलाप आहे.

आणि सोळाव्या शतकातला धर्मसुधारक मार्टिन लूथर. त्याची मुलगी माग्दालेना २० सप्टेंबर १५४२ रोजी वडिलांच्या हातांत गेली. ती १३ वर्षांची होती. तीन दिवसांनी त्याने मित्राला लिहिलं की, ती अशी सुखाने सुटली याबद्दल आम्ही देवाचे आभारच मानायला हवेत, पण मायेची ओढ एवढी आहे की हुंदक्यांशिवाय ते होत नाही. विश्वासाने माणूस तारला जातो हे ज्याने आयुष्यभर शिकवलं, त्याचे हे शब्द आहेत.

गेलेली माणसं आत्ता नेमकी कुठे आहेत? त्यांच्यासाठी प्रार्थना करावी का?

ख्रिस्ताचं होऊन गेलेली माणसं त्याच्या हातात आहेत, एवढ्यावर सगळे एक आहेत. त्यापुढे परंपरा वेगळ्या होतात. कॅथलिक शिकवणीत शुद्धिस्थान (स्वर्गाआधी आत्मा शुद्ध होण्याची अवस्था) आहे, मृतांसाठी मिस्सा (प्रभुभोजनाची उपासना) अर्पण केला जातो आणि २ नोव्हेंबर हा सर्व मृत विश्वासणाऱ्यांच्या स्मरणाचा दिवस आहे. ऑर्थोडॉक्स लोक तिसऱ्या, नवव्या आणि चाळिसाव्या दिवशी खास प्रार्थना करतात. बहुतेक प्रॉटेस्टंट मंडळ्या मृतांसाठी प्रार्थना करत नाहीत, त्यांच्याबद्दल आभार मानतात. ज्याची जी परंपरा असेल त्याने ती दुःखात धरून ठेवावी. दफनाच्या दिवशी हा वाद उकरून काढणाऱ्यांना मात्र हात जोडून थांबवावं.

मला देवाचा राग येतो. हे पाप आहे का?

तो राग देवालाच सांगा. स्तोत्रसंहितेत विलापाची गाणी भरभरून आहेत. "हे परमेश्वरा, किती वेळ?" असं तेराव्या स्तोत्रात पुन्हा पुन्हा विचारलं आहे. अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र तर अंधारातच संपतं, शेवटी कसलाही दिलासा येत नाही. तरी ते शास्त्रात आहे. कोणीतरी ते काढून टाकलं नाही याचा मला फार आधार वाटतो. मार्था आणि मरीया दोघींनीही येशूला तेच ऐकवलं: तू इथे असतास तर माझा भाऊ मेला नसता. त्याने दोघींपैकी एकीलाही फटकारलं नाही. आणि वधस्तंभावर त्याने स्वतः बाविसाव्या स्तोत्रातला प्रश्न विचारला, "माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?"

जो देवाला जाब विचारतो त्याने देवाकडे पाठ फिरवलेली नसते.

मला रडूच येत नाही. माझं प्रेम कमी होतं का?

दावीद राजाकडे पाहा. त्याचं तान्हं मूल आजारी होतं तेव्हा सात दिवस तो उपाशी जमिनीवर पडून होता. मूल गेलं आणि तो उठला, अंघोळ केली, जेवला. चाकरमाणसं चक्रावली. "मी त्याच्याकडे जाईन, पण तो माझ्याकडे परत येणार नाही," एवढंच तो म्हणाला. पुढे त्याचा दुसरा मुलगा अबशालोम बापाविरुद्ध बंड करून मारला गेला, तेव्हा याच दाविदाने वेशीवरच्या खोलीत "माझ्या पुत्रा, माझ्या पुत्रा" म्हणत आक्रोश केला. बाप तोच, दोन मुलं, दोन तऱ्हेचे शोक. दीर्घ आजारपणानंतर पहिल्यांदा सुटल्यासारखं वाटणंही स्वाभाविक आहे. रडू कधीकधी फार उशिरा येतं, भलत्याच निमित्ताने. आलं नाही तरी चालतं.

शोक किती दिवस चालावा?

याला मुदत नाही. "पाच टप्पे" असतात असं बरेच जण ऐकून असतात. एलिझाबेथ क्युब्लर-रॉस यांनी १९६९ मध्ये ते मांडले, पण मुळात मरणाच्या वाटेवर असलेल्या रुग्णांच्या मुलाखतींवरून. मागे राहिलेल्यांसाठी ते वेळापत्रक नाही. पहिलं वर्ष सरल्यावर दुसरं जास्त जड गेलं असं मला अनेकांनी सांगितलं आहे, कारण तोवर भेटायला येणारी माणसं थांबलेली असतात.

मात्र वर्ष उलटून गेल्यावरही तीच तीव्र वेदना जवळजवळ रोज असेल, काम, झोप, माणसं सगळं तुटत चाललं असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांना जरूर भेटा. अमेरिकन मानसोपचार संघटनेने २०२२ मध्ये आपल्या निदानपुस्तिकेत दीर्घकाळ रेंगाळणाऱ्या शोकाच्या विकाराचा समावेश केला, आणि मोठ्यांसाठी किमान बारा महिन्यांची अट ठेवली. हाड मोडल्यावर डॉक्टरकडे जाताना विश्वासाचा प्रश्न आपण काढत नाही. इथेही काढू नये.

"मलाही आता तिकडेच जावंसं वाटतं" असं वाटणं चूक आहे का?

ओढ वाटणं समजण्यासारखं आहे. पण आयुष्य संपवण्याचा विचार मनात घोळू लागला असेल, तर आजच, आत्ताच कोणाला तरी सांगा: घरातल्या माणसाला, मित्राला, पाळकाला, डॉक्टरला. एकटे राहू नका. एलीया संदेष्टा झुडपाखाली बसून "आता पुरे, माझा जीव घे" असं म्हणाला होता. देवाने त्याला उपदेश केला नाही. झोपू दिलं, भाकर आणि पाणी दिलं, पुन्हा झोपू दिलं, पुन्हा खायला दिलं. बोलणं नंतर झालं.

आमच्या माणसाने आत्महत्या केली. त्याच्यासाठी आशा आहे का?

अशा कुटुंबांना चर्चने पूर्वी फार कठोरपणे वागवलं आहे. काही ठिकाणी दफनविधीसुद्धा नाकारला. त्याचं मला मनापासून दुःख आहे. कॅथलिक चर्चच्या १९९२ च्या धर्मशिक्षणग्रंथात स्पष्ट सांगितलं आहे की गंभीर मानसिक त्रास, असह्य वेदना किंवा भीती यांमुळे माणसाची जबाबदारी कमी होते, आणि अशा व्यक्तींच्या सार्वकालिक तारणाविषयी निराश होऊ नये. कशापासूनही, मरणापासूनही, देवाची प्रीती आपल्याला वेगळं करू शकत नाही असं रोमकरांस पत्रात पौल लिहितो. त्याने त्या यादीला अपवाद जोडलेला नाही. आजाराने जीव घेतला असं म्हणा, आणि मोकळेपणाने रडा.

गेलेल्या माणसाचा विश्वास नव्हता, तर काय?

हा सगळ्यात कठीण प्रश्न आहे आणि याचं सोपं उत्तर देणाऱ्यावर विश्वास ठेवू नका, ते गोड असो वा कडू. माणसाच्या शेवटच्या घटकेत त्याच्या आणि देवाच्या मध्ये काय झालं हे कोणाला दिसत नाही. वधस्तंभावरच्या चोराकडे काही तासच उरले होते. "सर्व जगाचा न्यायाधीश योग्य न्याय करणार नाही काय?" असं अब्राहामाने विचारलं होतं. मी अशा घरात एवढंच म्हणतो की, तुमच्यापेक्षा देवाचं त्याच्यावर कमी प्रेम नाही. आणि मग बसून राहतो.

सांत्वनाला गेल्यावर काय बोलावं?

शक्य तितकं कमी. ईयोबाची दहा मुलं गेली तेव्हा त्याचे मित्र सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसले, कोणी एक शब्द बोललं नाही. तोवर ते उत्तम मित्र होते. बिघडलं ते बोलायला लागल्यावर.

"देवाला फुलं आवडतात म्हणून त्याने तोडून नेलं", "देवाची इच्छा", "निदान ती सुटली तरी", ही वाक्यं बोलणाऱ्याचं अवघडलेपण कमी करतात, ऐकणाऱ्याचं दुःख नाही. लेकरू गमावलेल्या आईसमोर देवाला फुलं तोडणारा करून ठेवणं मला तर भयंकर वाटतं.

कोणी म्हणेल, येशूनेही नाईन गावच्या विधवेला "रडू नकोस" असं म्हटलं होतं. खरं आहे. आणि लगेच तिच्या मुलाला उठवून तिच्या हाती दिलं. ज्याला तसं करता येतं त्याने तसं म्हणावं. आपल्यासाठी रोमकरांस पत्रातली आज्ञा आहे: रडणाऱ्यांबरोबर रडा. गेलेल्याचं नाव घ्या, त्याची एखादी आठवण सांगा. सहा महिन्यांनी पुन्हा जा, तेव्हा कोणी येत नसतं.

लहान मुलांना काय सांगायचं?

खरं सांगायचं, सोप्या शब्दांत. "मेले" हा शब्द वापरायचा. "झोपलेत" असं सांगितलं तर मूल झोपायला घाबरू शकतं. "देवाने नेलं" एवढंच सांगितलं तर ते देवाला घाबरेल. आजोबांचं शरीर चालायचं थांबलं, आपण त्यांना आता इथे पाहू शकणार नाही, ते प्रभूजवळ आहेत, आणि मला त्यांची खूप आठवण येते म्हणून मी रडतोय. चारही वाक्यं एकाच दमात सांगता येतात. मोठ्यांना दोन गोष्टी एकत्र धरणं जड जातं, मुलांना तितकं जात नाही.

मग बायबल मेलेल्यांना "झोपी गेलेले" का म्हणतं?

झोपलेला माणूस उठणार असतो म्हणून. ख्रिस्ती लोकांनी दफनभूमीसाठी जो ग्रीक शब्द रूढ केला त्याचा अर्थच "निजायची जागा" असा होता, आणि सिमेट्री हा शब्द त्यातूनच आला. हा शब्द मृत्यूला सौम्य करण्यासाठी नव्हता, पुढच्या सकाळीविषयी होता.

आपण पुन्हा एकमेकांना ओळखू का?

पुनरुत्थानाच्या पहाटे मग्दालीया मरीया कबरेबाहेर रडत उभी होती. कबर रिकामी होती, म्हणजे जगातली सर्वांत आनंदाची गोष्ट तिच्या पाठीमागे घडून गेली होती आणि तिला पत्ता नव्हता. देवदूतांनी विचारलं, "बाई, का रडतेस?" मागे वळली तर येशू उभा. त्यानेही तेच विचारलं. रडू नकोस असं दोघांपैकी कोणीच म्हणालं नाही. तिने त्याला ओळखलं नाही, तिला तो माळी वाटला. डोळ्यांनी ओळख पटली नाही, प्रश्नानेही पटली नाही.

मग त्याने तिला नावाने हाक मारली, "मरीये!" आणि ती वळली.